डोळ्याखालचा भोवरा

पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय किशनरावास, सिद्धलिंगाचा शरणार्थ.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला तिळाचं तेल लावतोस, की बाटली नुसती फडताळात उभी आहे? नाशिकला चि. परमेश्वर आणि सूनबाई राजेश्री खुशाल आहेत ना? नात निकिता यंदा कितवीला? बैलजोडी कशी आहे? त्यातल्या पांढऱ्याचा खांदा सुजून आला होता, तो बसला का? तुझ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानाचं काय झालं?

बरं, सगळ्यांचं विचारून झालं. आता जिच्यासाठी कागद घेऊन बसलो तिचं विचारतो. माझी घोडी हिकमत कशी आहे?

तू म्हणशील, फोन करायचा सोडून पत्र कशाला. अरे, फोनवर तू बोलतोस आणि मला नुसती पिठाची गिरणी ऐकू येते. मंगेशनं कानात घालायचं मशीन आणून दिलं. ते शिट्टी मारतं. म्हणून ही लेखणी. माझं अक्षर सांभाळून घे. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर.

इथं सातव्या माळ्यावर राहतो. खाली बघितलं की माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी दिसतात. मंगेश आणि रुद्राणी जीव लावतात, खोटं कशाला बोलू. पण सकाळी नऊला दोघं कामाला गेली की घरात मी आणि फ्रीज. फ्रीज मधून मधून घुरघुरतो म्हणे. मला तेही ऐकू येत नाही.

घोडी मी तुला विकली नाही, दिली. पालमचं घर गेलं तेव्हा तिला कुठं ठेवावं हा प्रश्न पडला आणि पहिलं नाव तुझंच आठवलं. तुझ्या लग्नात आमच्या जुन्या घोड्यानं तुझ्या मुंडावळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हापासूनचं आपलं नातं. माझ्या जनावरांचा त्रास तू तरुणपणीच सोसून ठेवलेला आहेस.

एक ध्यानात ठेव. तिच्या तोंडावरची कवड्यांची मोरखी, तो गालावरचा पट्टा, काढू नकोस. खरारा करतानासुद्धा राहू दे. आमच्या घरच्या गंगम्मानं हातानं शिवलेली आहे.

उत्तर टाक.

तुझा,
सिद्धलिंग

*

झरी,
१९ ऑक्टोबर २०२४

सिद्धलिंगअप्पास, किशनचा राम राम.

तुझ्या सवालांचे जवाब. गुडघा दुखायलाय, तेल संपलं. पांढऱ्याचा खांदा बसला. निकिता बारावीला हाय. परमेश्वर महिन्यातून एकदा फोन करतो अन् ‘पाऊस कसा हाय’ विचारतो, जसा काय मी वेधशाळेत नोकरीला हाय. कुत्रा बरा हाय, पण तुझी घोडी आल्यापासून तो गोठ्याकडं फिरकत न्हाई. त्याची भाकर ती खाती.

अप्पा, ही घोडी तू मला दिली का माझ्यावर सोडली?

पहिल्याच दिवशी गोठ्याची कडी उघडून अंगणात. मी कडीला तार गुंडाळली. तिनं तार सोडली, बाहेर आली, अन् आता ऐक, मागं फिरून बैलांची दावी सोडली. दातानं. बैल बावळटासारखे जागच्या जागी उभे, अन् ही त्यांच्याकडं बघायलीय, ‘जा की रे, काय बघता.’

आंघोळीला बसलो की टोपी उचलून हौदात टाकती. मी ओरडलो की मान वर करून वरचा ओठ उलटा करती अन् दात दाखवती. माझ्या घरात माझ्यावर हसायलीय!

गिरणीत दळण न्यायला पोतं पाठीवर टाकलं की लगेच लंगडी. मी घाबरलो, जनावराचा डॉक्टर आणला. त्यानं डावा पाय अर्धा तास तपासला, काही न्हाई. जाताना म्हणतो, “काका, मी आलो तवा ही डाव्या पायानं लंगडत होती, आता उजव्यानं.”

रोज सकाळी मी तिला राम राम करतो. ती पाठ फिरवती. एवढा कसला दिमाख?

एक खरं सांगू का. कारभारीण नर्मदा गेल्यापासून तीन वर्षं या अंगणात मी कुणावर ओरडलो नव्हतो. ओरडायला होतं कोण? आता घसा बसलाय. गाव म्हणतं, किशनरावला वाचा फुटली. तुला माहीतच हाय, नर्मदाच्या मयतीला माझ्या डोळ्यातून टिपूस न्हाई आलं. भावकी तवापासून मला माघारी ‘दगड’ म्हणती. न्हाई आलं तर काय करू? पाणी काय मोटार लावून काढायचं असतं?

असो. मोरखीचं समजलं न्हाई. गरमीत तिच्या गालाला घाम येतो त्या पट्ट्याखाली. पण तू म्हणतोस तर राहू देतो.

किशन

*

पुणे,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय किशनरावास शरणार्थ.

तुझं पत्र वाचून एवढा हसलो की रुद्राणी धावत आली, सासऱ्याला ठसका लागला म्हणून पाणी घेऊन. तिला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मामंजी, तुम्ही इथं आल्यापासून पहिल्यांदा तुमचे दात दिसले.”

आता घोडीच्या बाजूनं वकीलपत्र घेतो. पायाचं म्हणशील तर ते सोंग आहे, आणि सोंगात ती कच्ची आहे. कोणता पाय दुखत होता हे तिच्या ध्यानात राहत नाही. पोतं उतरव आणि मूठभर हरभरा दाखव, चारही पाय बरे होतात.

आणि राम रामाला ती ओळख देणार नाही. तिला ‘शरणार्थ’ म्हणावं लागतं. आमच्या लोकांत दारी आलेल्याला तेच म्हणतात, तिच्या कानावर शिंगरू असल्यापासून तेच पडलं. गंगम्मा सकाळी गूळ घेऊन गोठ्यात जायची, ‘शरणार्थ’ म्हणायची आणि ही गळ्याची घंटा वाजेस्तोवर मान खाली घालायची. या शब्दापायी एकदा फजिती झाली बघ. सोनपेठला आमच्याच लोकांत लग्न होतं, घोडी वरातीला भाड्यानं दिली होती. वरात पारावर आली. पाहुण्यांची ही रांग! जो येतो तो नवरदेवाला म्हणतो ‘शरणार्थ’. दर शरणार्थाला घोडी मान खाली, दर वेळी नवरदेव वीतभर पुढं. विसाव्या पाहुण्याला तो घोडीच्या मानेवर पालथा, दोन्ही हातांनी आयाळ धरलेली, आणि मला म्हणतोय, “अप्पा, पाहुणे थांबवा, नाहीतर लग्न थांबवा!”

तू म्हणून बघ. गूळ लागत नाही. शब्द पुरतो.

माझं काय विचारतोस. खाली बागेत लहान मुलांना बसायला सिमेंटचा घोडा केलेला आहे. मी चार वाजता त्याच्याजवळ जाऊन बसतो. परवा कुणी नाही असं बघून त्याला शरणार्थ म्हटलं. लय शहाणा घोडा. जागचा हलत नाही, कुणाची टोपी घेत नाही.

मोरखी मात्र राहू दे, किशन. घाम आला तर आला. काढू नकोस.

तुझा,
सिद्धलिंग

*

झरी,
२ डिसेंबर २०२४

सिद्धलिंगअप्पास.

मोरखी मी काढली न्हाई. मी दिलेला शब्द पाळतो. तिनंच काढली. लिंबाच्या बुडख्याला गाल घासून घासून पट्टा वर सरकवला अन् कानावरून काढून खुंटीला अडकवल्यागत फांदीला लटकवून ठेवली. मी हसत होतो. तेवढ्यात घोड्यांचा व्यापारी पंडित रस्त्यानं चालला होता तो घोडी बघून आत आला. आधी दात बघितले, पाय बघितले, खूश झाला. मग तोंडाकडं बघितलं अन् दोन पावलं मागं सरला.

म्हणाला, “किशनराव, ही आसूढाळ हाय. डोळ्याच्या खाली केसांचा भोवरा बघा. अशी घोडी धन्याच्या डोळ्यातून पाणी काढल्याबिगर ऱ्हात न्हाई. ज्यानं दिली त्याला माहीत होतं. न्हाईतर गालावर एवढा रुंद पट्टा कोण शिवतं?”

मी म्हणलं, अप्पाला माहीत नसंल. तो हसला.

अप्पा, तुला माहीत होतं.

भोवऱ्यावर माझा इश्वास हाय का न्हाई, तो सवाल येगळा. हे घर एकदा रिकामं झालंय. त्या घरात तू हे झाकून पाठवलंस, अन् वर मला दोनदा बजावलंस की पट्टा काढू नको. मला वाटलं, गंगम्मावहिनीची आठवण हाय म्हणून. घाम पुसताना मी त्या पट्ट्याला जपत होतो.

राजेश्रीला कळलं, तिनं फोनवर लकडा लावलाय, ‘मामा, आधी ती घोडी बाहेर काढा.’ पंडित म्हणतो, मी लांब कुठंतरी नेऊन खपवतो, तिकडं भोवरे कोण बघतंय. संक्रांतीनंतर टेम्पो घेऊन येणार हाय.

तुझा तो ‘शरणार्थ’ शब्द मी तिला म्हणलो न्हाई. म्हणणार बी न्हाई.

किशनराव

*

पुणे,
११ डिसेंबर २०२४

किशन,

माहीत होतं. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुला वाचावंसं वाटलं तर वाच.

अकरा वर्षांमागं माळेगावच्या जत्रेत ही शिंगरू होती. तीन दिवस गिऱ्हाईक यायचं, डोळ्याखाली बघायचं आणि पुढं जायचं. चौथ्या दिवशी गंगम्मा माझ्याबरोबर आली. आम्ही दुसऱ्याच घोड्याचा भाव करत होतो. इकडं हिनं गंगम्माच्या पदराची गाठ सोडून आतला गूळ खाल्ला. गंगम्मा म्हणाली, “हिच्या डोळ्याखाली भोवरा आहे आणि डोक्यात हिकमत आहे. हिलाच घ्या.” नाव तिथंच पडलं.

पण आसूढाळ घोडीवर कोण नवरदेव बसवणार? म्हणून गंगम्मानं तो पट्टा शिवला. इतकी वर्षं मी लग्नघरांपासून झाकलं. नंतर तुझ्यापासून झाकलं. लग्नघरांची मला लाज वाटत नाही, त्यांचे संसार चालले आहेत. तुझी वाटते.

आणखी एक कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या साली गंगम्मा लिंगैक्य झाली तेव्हा लोकांनी भोवऱ्याचं नाव काढलं नाही, कारण लोकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मीच दोन दिवस घोडीचं तोंड बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कडी उघडून घरात आली. सरळ स्वयंपाकघरात. गुळाच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिली. डबा तिला उघडता येतो, किशन. तिनं उघडला नाही. तशीच उभी होती.

तेव्हा मला कळलं, या घरात आपण एकटेच नाही ज्याचं माणूस गेलं.

तुला खरं सांगितलं असतं तर तू तिला घेतलं नसतंस, अशी भीती वाटली. चूक झाली. पदर पसरतो.

(पान दुसरं)

आता जे विचारायचं आहे ते विचारायला मला जड जातं.

तुझ्या गोठ्याला लागून कडबा ठेवायची खोली आहे. ती मला राहायला देशील का? एक खाट मावते, तेवढं बस. माझी भाकर मी करीन, तुझीही करीन. घोडीचा सगळा जिम्मा माझा. भोवऱ्यानं रडवायचंच असेल तर तिचा धनी मी, तू नाहीस, असं गावाला सांगू.

मंगेशला यातलं काही बोललो नाही. त्याला वाटेल, बापाला सुख टोचतं. सुख टोचत नाही रे. पण दिवस बोलत नाही.

हो असेल तर एक कार्ड टाक. नाही असेल तर काहीच लिहू नकोस, मी समजून जाईन. नाही हा शब्द तुझ्या अक्षरात वाचायची माझी तयारी नाही.

सिद्धलिंग

*

पुणे,
२९ जानेवारी २०२५

किशनरावास शरणार्थ.

संक्रांत गेली. तुझं कार्ड आलं नाही. समजलो.

दुसऱ्या पानावर जे विचारलं ते आता विसरून जा. पुन्हा विचारणार नाही आणि त्याचा राग धरणार नाही. मंगेशला फोन करून काही बोलू नकोस, त्याच्यापर्यंत ते गेलेलं नाही.

मंगेशची बदली बंगळूरला झाली आहे. वीस फेब्रुवारीला सामान निघेल. तिथं अकरावा माळा आहे म्हणतात. पत्ता अजून मला कुणी सांगितलेला नाही, मीही विचारला नाही. मराठी पत्र तिथं लवकर पोचतं की नाही कोण जाणे.

घोडी गेली असेल तर कुठं गेली ते मला लिहू नकोस. पट्टा मागं राहिला असेल तर तुझ्याकडंच असू दे.

काल त्या सिमेंटच्या घोड्याला निरोप सांगून आलो. मुलांनी त्याचा एक कान तोडलाय. आता आम्ही दोघं बरोबरीचे.

गुडघ्याला तेल लाव.

सिद्धलिंग

*

झरी,
७ फेब्रुवारी २०२५

सिद्धलिंगअप्पास शरणार्थ.

हो, शरणार्थ. नीट वाचलंस तू.

काय समजलास रे? काय समजलास? मला काही न विचारता सगळं समजून बसायची तुझी खोड जुनीच. ते दुसरं पान वाचलंय कुणी?

आता सांगतो ते शेवटपर्यंत वाच. डिसेंबरातलं तुझं पत्र आलं तवा मी वैरण टाकायलो होतो. उभ्यानंच पहिलं पान वाचलं. गुळाच्या डब्यापाशी आलो अन् पुढं वाचवेना. राग होता, अन् रागाच्या आत आणखी काहीतरी होतं. मला वाटलं, पुढच्या पानावर बी असंच असंल. दोन्ही पानं घडी करून कोपरीच्या खिशात कोंबली अन् पेंडी सोडायला वाकलो. खिसा हलका झाला म्हणून मागं बघतो तर पानं तिच्या तोंडात. पहिलं ओढून काढलं, त्याला एक कोपरा न्हाई. दुसरं तिनं खाल्लं. सावकाश, डोळे मिटून, हरभरा खाल्ल्यागत. मी म्हणलं, खा, तुझ्याच धन्याचं हाय.

त्यावर तू सवाल लिहिला होता, हे मला तुझं कालचं पत्र येईस्तोवर माहीत न्हाई.

मग पत्र का न्हाई टाकलं म्हणशील. आधी रागानं. पुढं शरमेनं. ती शरम कशाची ते सांगतो.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी पंडित टेम्पो घेऊन आला. मी पट्टा न घालता घोडी बाहेर काढली, झाकायचं काही ठेवलं न्हाई. तिनं टेम्पोची फळी बघितली, माझ्याकडं बघितलं, अन् लंगडायला लागली. डावा पाय. काय ते सोंग, अप्पा! मान खाली, डोळे अर्धे. पंडितनं टापेपासून खांद्यापर्यंत पाय चाचपला, नाल ठोकून बघितला. “किशनराव, हिचा पाय गेलाय. भोवरा मी खपवला असता, लंगडी कुठं खपवू?” तो टेम्पोवाल्याशी बोलायला पाठमोरा झाला तशी हिनं पाय बदलला. उजवा. विसरली!

मी बघितलं. पंडितनं नव्हतं बघितलं. एक शब्द बोललो असतो तर घोडी गेली असती. मी म्हणलं, “होय पंडितशेठ, थंडीपासून तसंच हाय.”

सत्तर वर्षांत मी जनावराच्या बाबतीत खोटं बोललो नव्हतो. तू भोवरा झाकला, मी पाय झाकला. आता तुला कोणत्या तोंडानं बोल लावू? म्हणून गप्प होतो.

टेम्पो वळणाआड गेला. मी मागं बघतो तर ही अंगणात गोल गोल दौडायलीय, चारही पाय धड, शेपूट झेंड्यासारखं. दोन फेऱ्या मारून आली, माझी टोपी उचलली, हौदात टाकली अन् ओठ उलटा करून दात दाखवले. मला हसू फुटलं. एवढं हसलो की पोटात कळ आली, पायरीवर बसलो. अन् वाटलं, हे नर्मदाला सांगावं. आत तोंड करून मी ‘अगं’ म्हणलो बी.

घरातून कुणी ‘काय हो’ म्हणलं न्हाई.

मग मला थांबता आलं न्हाई. तीन वर्षांचं होतं, एका बारीला आलं. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या. डोकावू दे. घोडी येऊन उभी राहिली, नाक माझ्या खांद्यावर, गरम वाफ कानात. लय येळ काही खोडी केली न्हाई तिनं.

पंडित खोटं बोलला न्हाई बघ. आसूढाळच हाय. धन्याच्या डोळ्यातून पाणी काढलं. पण ते काढणारं कुणी भेटत नव्हतं म्हणूनच मी दगड झालो होतो, हे तुमच्या भोवऱ्याच्या शास्त्रात कुठं लिहिलेलं न्हाई.

उठताना तिला म्हणलं, “शरणार्थ, बाई.” तिनं घंटा वाजेस्तोवर मान घातली. मी बी घातली.

राजेश्रीला फोन करून सांगितलं, घोडी जाणार न्हाई. ती म्हणाली, मामा, तुमचा आवाज येगळा येतोय. म्हणलं, असू दे.

आता तुझं दुसरं पान. काय विचारलं होतंस? घोडी परत मागितली असशील तर हो. पट्टा मागितला असशील तर हो. मला माफी मागायला लावली असशील तर हो. मी हिकडं सगळं ताडून बघायलोय अन् काही उमजंना. म्हणून एकदाच लिहितो, जे काय विचारलं असशील त्याला माझा हो हाय.

बाकी इकडं नवं काही न्हाई. गोठ्याशेजारच्या खोलीची कडी बी तिला जमली. आतला सगळा कडबा दोन दिवसांत अंगणात आणून टाकला. मी आता परत भरला न्हाई. खोली नुसती झाडून ठेवलीय, रिकामीच पडलीय. काय करावं तिचं, बघू.

हे पत्र झरीच्या पेटीत टाकत न्हाई. उद्या सकाळच्या एस्टीनं परभणीला जाऊन मोठ्या पोस्टात देतो, म्हणजे वीस तारखेच्या आत तुला घावंल. मंगेशला फोन करू नको म्हणालास, तर करत न्हाई. पण तू सामान बांधायच्या आधी कागद घे अन् ते पान पुन्हा लिही. लवकर लिही, अप्पा.

तुझा,
किशन

ता. क. या बारीला दार लावून वाचतो. पण दार तिला उघडतं. म्हणून जे विचारायचं ते पहिल्याच पानावर लिही, वरच्या ओळीत.